शिंगराच्या जखमी पायासाठी स्वतःला चिकटणारी पट्टी: घ्यावी का, बांधावी कशी

रेसकोर्सच्या तबेल्यात, घोड्यांच्या दवाखान्यात आणि आता ऑनलाइनही मिळणारी ती रंगीत, सुरकुतलेली, केसांना न चिकटता फक्त स्वतःलाच चिकटणारी पट्टी म्हणजे कोहेजिव्ह बँडेज. थ्रीएमच्या व्हेट्रॅपवरून कुठल्याही कंपनीच्या रोलला सर्रास व्हेट्रॅपच म्हटलं जातं. शिंगराच्या नळीवर, म्हणजे गुडघा आणि घोटा यांच्यामधल्या भागावर, ड्रेसिंग जागच्या जागी टिकवायचं तर हिला तोड नाही. पण ही सगळ्यात वरची पट्टी आहे. जखमेवर थेट किंवा पातळ कापसावर ती गुंडाळली, तर मूळ जखम राहते बाजूला आणि पट्टीने केलेल्या जखमेवरच इलाज करत बसावं लागतं.

आधी जखमेबद्दल. गुडघ्याच्या आणि मागच्या पायाच्या हॉकच्या (मधल्या मोठ्या सांध्याच्या) खाली मांस जवळपास नसतंच. कातडी, तिच्याखाली हाड आणि शिरा (टेंडन), बस्स. रक्तपुरवठा बेताचा, कातडी ताणलेली, वर प्रत्येक पावलाला हालचाल. त्यामुळे काटेरी तारेने फाटलेली किंवा ट्रकच्या फळीत सोललेली जखम पहिले दहा-पंधरा दिवस उलट रुंदावते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून लांबचा प्रवास करून आलेल्या जनावरात अशा जखमा नेहमी दिसतात. रुंदावलेली जखम पाहून घाबरून रोज नवीन मलम बदलण्यात काही अर्थ नाही. नळीवर नवी कातडी कडेने दिवसाला साधारण ०.१ मिमी सरकते, म्हणजे दोन्ही बाजू धरून महिन्याला जेमतेम ६ मिमी. जखम आकसते त्याची मदत होते, पण पायावर तीही धडापेक्षा कमीच. दोन-तीन महिने पट्टी बांधायची तयारी ठेवूनच रोल विकत घ्यावेत.

जखम सांध्याजवळ असेल, तिच्यातून पिवळसर, तार धरणारं पाणी येत असेल किंवा शिंगरू पाय टेकत नसेल, तर पट्टीचा विचार नंतर. आधी डॉक्टर, आणि तोही त्याच दिवशी. टाके घालण्यासारखी जखम पहिल्या सहा-आठ तासांत दाखवलेली बरी. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. लस झालेली नसेल तर अँटिटॉक्सिन (बहुधा १५०० युनिट) आणि टॉक्सॉइड (म्हणजे लस) दोन वेगळ्या जागी द्यावं लागतं. हे डॉक्टरच ठरवतील, पण विसरायचं नाही.

धुण्यासाठी सलाइनची १ लिटरची बाटली सगळ्यात उत्तम. नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, तेही वजन करून. पोव्हिडोन आयोडिन वापरायचं तर ५ टक्क्यांच्या बाटलीतून लिटरला २० मिली, १० टक्क्यांच्या बाटलीतून १० मिली. पाण्याला फिक्या कोऱ्या चहाचा रंग यावा, त्याहून गडद नको. ५० मिलीच्या सिरिंजला १८ नंबरची सुई लावून फवारलं की कण निघून जातात आणि पेशीही दुखावत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस दिसायला समाधानकारक असतो, पण नवं मांस तोच मारतो. स्पिरिट आणि टर्पेंटाइनचंही तेच. हळद-तेल उघड्या जखमेत भरलं की त्यावर लीद आणि धूळ बसते आणि दुसऱ्या दिवशी ते खरवडून काढावं लागतं. हळदीशी भांडण नाही, पण तिची जागा इथे नाही.

आता थर. जखमेवर न चिकटणारी जाळी, म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारं पॅराफिन गॉझ. त्यावर कापसाचा रोल, दाबल्यावर २ ते ३ सेमी राहील इतका जाड, खुराच्या वरच्या कडेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत. खरा खर्च करायचा तो इथे. मग १० सेमीचं साधं क्रेप किंवा गॉझ बँडेज, आणि शेवटी आपली चिकटणारी पट्टी. कापूस वर आणि खाली बोटभर बाहेर दिसलाच पाहिजे. पट्टीची कड थेट कातडीवर आली की तिथे केस जातात आणि नंतर पांढरे उगवतात. बाहेर कापूस नसलेला बांधलेला पाय दिसला, की बांधणाऱ्याने पैसे रोलवर खर्च केलेत आणि कापसावर वाचवलेत हे ओळखावं.

पट्टी ताणली की ४.५ मीटरच्या आसपास भरते. रोल कारखान्यात घट्ट गुंडाळलेला असतो. तो तसाच पायावर सोडत नेला तर प्रत्येक वेढ्याला नकळत ताण बसतो. म्हणून आधी अख्खा रोल उलगडून पुन्हा सैल गुंडाळून घ्यायचा. अनुभवी मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) हे न सांगता करतो; नवखा करत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगराच्या नळीवर फुगवटा येतो. बांधताना पट्टीतलं निम्मंच ताणलेपण वापरायचं, सुरकुत्या पूर्ण नाहीशा होता कामा नयेत. प्रत्येक वेढा आधीच्याला निम्मा झाकणारा हवा. डाव्या पायाला वरून पाहता घड्याळाच्या उलट, उजव्याला घड्याळाप्रमाणे. वेढ्यांचा ताण सगळीकडे सारखा ठेवणं हे सगळ्यात अवघड, कारण मागच्या शिरांवरचा एकच घट्ट वेढा सगळ्याची वाट लावतो. गुडघ्यावर बांधायचं असेल तर मागच्या बाहेर आलेल्या हाडावर दाब पडू नये म्हणून कापसाला तिथे भोक पाडावं आणि पट्टी आठच्या आकड्यासारखी फिरवावी.

शिंगराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, जी मोठ्या घोड्यात चालून जाते. त्याची कातडी पातळ, वाढ चालू. जाड पट्टी सतत बांधली की नळीच्या मागच्या शिरा ढिल्या पडतात आणि घोट्याचा सांधा खाली बसू लागतो. पट्टी आवश्यक असेल तितकेच दिवस ठेवावी, आणि रोज दोनदा पाहावी. दुखऱ्या पायावर भार टाकत नसेल तर दुसऱ्या पायावर सगळा भार जातो आणि तो वाकडा होण्याचा धोका असतो. म्हणून त्या पायालाही आधाराची पट्टी बांधावी. पेनकिलरचा मोह टाळायचा. ही औषधं लहान शिंगराच्या पोटात अल्सर करतात. डोस आणि दिवस डॉक्टर सांगतील तेवढेच.

सुरुवातीला रोज किंवा एक दिवसाआड बदलायची, स्राव कमी झाला की तीन-चार दिवसांनी. ठरलेला दिवस येण्याआधीच सोडायची ती या खुणांवर: वरून ओल आली, वास येतोय, पट्टी घसरली, पट्टीच्या वर सूज दिसतेय, शिंगरू पाय आपटतंय किंवा पट्टी चावतंय. शिंगराचा ताप १०२ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर तेही. सोडताना उलगडत बसू नका, बोथट टोकाच्या कात्रीने बाजूने कापा. मागे शिरा आहेत आणि पुढे हाड, तिथे कात्री नको. जखमेखाली स्राव वाहून केस गळतात, त्यासाठी तेवढ्या जागी व्हॅसलिनचा पातळ थर लावावा.

पट्टीचा एक तोटा सांगून ठेवायलाच हवा. जखम भरत आली आणि लाल, दाणेदार मांस कातडीच्या पातळीच्या वर येऊ लागलं, की झाकलेली ऊब त्याला आणखी वाढवते. हेच वाढीव मांस. ते वर आलं की कडेची कातडी त्यावर चढू शकत नाही आणि जखम महिनोन्‌महिने तशीच अडते. डॉक्टर ते कातरतात. त्यात संवेदना नसते, पण रक्त बरंच येतं. घरी मोरचुद किंवा चुना लावून ते जाळण्याचा प्रकार मांसासोबत कोवळी कातडीही जाळतो. पावसाळ्यात माशांमधून हॅब्रोनेमाच्या अळ्या जखमेत गेल्या तर पिवळे दाणे असलेली खाजरी गाठ होते. ती वाढीव मांसासारखीच दिसते, पण उपचार वेगळे.

शिंगराला या काळात उघड्यावर सोडायचं नाही. आईसोबत कोरड्या पागेत ठेवा, खाली भाताचा पेंढा. लाकडाचा भुसा पट्टीच्या कडेने आत शिरतो. फिरणं बंद तर चंदीही (दाण्याचा खुराक) कमी करा आणि चारा भरपूर द्या. वाढत्या वयात चंदी जास्त झाली की हाडांच्या टोकांना सूज येते.

घेताना: नळीसाठी १० सेमी, खुराच्या वरच्या अरुंद भागासाठी ७.५ सेमीचा रोल सोयीचा. गुडघ्याखालच्या पायाला एक रोल, गुडघा किंवा हॉक धरून दोन. आयात केलेला रोल आणि इथला स्वस्त रोल यांत फरक ताणाच्या सातत्यात जाणवतो. स्वस्तातला रोल अर्ध्यावरच हाताला कडक लागतो. सरावाच्या हाताला त्याचं काही वाटत नाही. नव्याने मात्र थोडे जास्त पैसे घालून सारखा ताणणारा रोलच घ्यावा. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढलेला जुना रोल घेऊ नका. त्यातलं रबर आटलेलं असतं आणि वेढे एकमेकांना चिकटून उलगडतानाच फाटतात. दुकानात रोल हातात घ्या, टोक थोडं उचलून पाहा, आणि पाकिटावरची तारीख वाचा. पट्टी एकदाच वापरायची. धुऊन पुन्हा बांधली तर चिकटपणा जातो आणि मग ती घसरून घोट्यावर गोळा होते. पाणी मात्र हिच्यातून आत झिरपतं. माथेरानची लाल माती असो की कोकणातला पाऊस, वरून प्लास्टिक बांधायचंच असेल तर जाऊन येण्यापुरतं बांधा आणि आल्याबरोबर काढा, नाहीतर आतली कातडी घामाने मऊ पडते.