गरोदरपणात कोणतं मीठ : सैंधव की नेहमीचं आयोडीनचं?

बायकोला दिवस गेले तेव्हा आमच्या ओट्यावर मिठाच्या तीन बरण्या झाल्या. नेहमीचं बारीक आयोडीनचं मीठ, सासूबाईंनी मुद्दाम पाठवलेलं गुलाबी सैंधव, आणि तिच्या पावलांना सूज दिसली म्हणून घाबरून मी उचलून आणलेलं ‘कमी सोडियमचं’ मीठ.

तिसरी बरणी सगळ्यात आधी गेली. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं, आणि डॉक्टरीणबाईंनी ते नको म्हणून सांगितलं. पुढे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अशा मिठाची शिफारस केली, तीही गरोदर बायकांना वगळूनच. सुजेसाठी मीठ तोडायचीही गरज नव्हती म्हणे. फक्त चेहरा सुजला, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर मिठाचा विचार करत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

राहिली दोन. सैंधवाची चव छान, यात वाद नाही. ताकात सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड, याला तोड नाही. गुलाबी रंग लोहाचा असतो हेही खरं, पण चमचाभर मिठातल्या लोहानं हिमोग्लोबिन चढत नाही. त्यासाठी गोळ्याच.

माझं बिनसलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीवरून. तिसऱ्या महिन्यात तिच्या पोटात वरणभाताशिवाय काही ठरत नव्हतं. एका दुपारी दुसऱ्याच घासाला दाताखाली कच्च झालं. ती ताट सरकवून उठली ती थेट बेसिनपाशी. संध्याकाळी मी पेलाभर पाण्यात चमचाभर सैंधव विरघळवून ठेवलं, तर तळाशी राखाडी गाळ. सगळीकडचं सैंधव असं नसेलही, आमच्या वाट्याला आलं ते असं होतं. मग त्याचं पाणी करून, गाळून वापरायला लागलो आणि हाताचा अंदाजच गेला. आज वरण अळणी, उद्या खारट. अळणी झालं की ताटात लोणचं आणि पापड आलेच! दिवसाला सगळं धरून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ पुरे; त्यातलं बरंचसं या दोघांतूनच जायला लागलं.

शिवाय आयोडीन. गरोदर बाईला रोज २५० मायक्रोग्रॅम लागतं, बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी. आपल्याकडच्या आयोडीनच्या मिठात ग्रॅममागे निदान १५ मायक्रोग्रॅम असावं असा नियम आहे. म्हणजे ५ ग्रॅममधून ७५ तरी येतात. बाकीचं दूध, अंडी, मासळीतून. साध्या सैंधवात हा आधारच नाही. काही पाकिटांवर ‘आयोडीनयुक्त’ असतं, तेवढं बघून घ्या.

“आमच्या वेळी कुठलं आलंय आयोडीन? झालीच ना पोरं?” सासूबाई फोनवर म्हणाल्या. मी “हो आई” म्हणालो. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून आयोडीनचं मीठ देऊन पाहिलं आणि गलगंड कमी झाला, हे त्यांना सांगून काय उपयोग होता?

तेव्हा रोजच्या स्वयंपाकाला आमच्याकडे आयोडीनचंच राहिलं. बरणी गॅसपासून लांब, झाकण घट्ट, मीठ घालायचं शेवटी शेवटी, म्हणजे आयोडीन कमी उडतं. लोणच्याऐवजी लिंबू, आमसूल, कोथिंबीर. ज्यांना रक्तदाब किंवा थायरॉइड आहे, त्यांनी माझं ऐकू नये, आपल्या डॉक्टरांचं ऐकावं.

सैंधव टाकलं नाही. दुपारच्या ताकात चिमूटभर चालू होतं, नववा महिना सरेपर्यंत. फक्त पेल्यातला शेवटचा घोट ती तसाच ठेवायची.