क्रॅब नेब्युलाचं वय मोजायला डीएस९

वांग्याच्या भरताचे दिवस सुरू झाले की क्रॅब नेब्युला, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा फैलावत जाणारा अवशेष, मध्यरात्रीच्या सुमारास जळगाव-धुळ्याच्या जवळजवळ डोक्यावर येतो. त्याची क्रांती (आकाशातला अक्षांश म्हणा) २२ अंश उत्तर, आपला अक्षांश २१. तोरणमाळच्या काळोखात सहा इंची दुर्बिणीतून तो धुरकट डागासारखा दिसतो. तो किती फैलावलाय आणि त्यावरून त्याचं वय किती, हे मात्र जुना-नवा फोटो ताडल्याशिवाय कळत नाही. त्या कामाला ‘एसएओइमेज डीएस९’ हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे. साध्या लॅपटॉपवरही चालतं.

अ‍ॅनालिसिस मेनूतल्या इमेज सर्व्हरमधून डीएसएसचे (आकाश-सर्वेक्षणांच्या फोटोंचा डिजिटल संग्रह) दोन फोटो दोन फ्रेममध्ये उतरवा: एक पालोमार वेधशाळेच्या पहिल्या सर्वेक्षणाचा (१९५० चं दशक), एक दुसऱ्याचा. दोन्ही लाल फिल्टरचेच हवेत. निळ्यात वेगळ्या वायूचे तंतू उठून दिसतात, मग तुलनेला अर्थ राहत नाही. तारीख हेडरमधल्या (फोटोच्या फाइलसोबतची माहिती) ‘डेट-ऑब्स’वरूनच घ्या, अंदाजाने नको. मग फ्रेम मॅच करताना डब्ल्यूसीएस (आकाशातल्या स्थानांनुसार जुळणी) निवडा आणि ब्लिंक लावा, म्हणजे दोन्ही फोटो आलटून-पालटून दिसतील. तारे जागेवर, तंतू बाहेर सरकताना! एवढ्यासाठीसुद्धा हे सॉफ्टवेअर घ्यावं.

अंतर रूलरने मोजा, पण त्याचं एकक आधी आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) करा. पिक्सेलमध्ये मोजलं तर सगळंच चुकतं, कारण जुन्या फोटोचा पिक्सेल १.७ आर्कसेकंदांचा आणि नव्याचा १ चा.

बहुतेक जण पल्सारपासून (स्फोटानंतर मधे उरलेला, वेगाने फिरणारा ताऱ्याचा गाभा) अंतर घेतात. तिथेच घोळ होतो: स्फोटानंतर पल्सार स्वतःच सुमारे १२ आर्कसेकंद सरकलाय. शिवाय मॅच केल्यावरही दोन फोटोंत आर्कसेकंदभर फरक राहू शकतो. त्यापेक्षा समोरासमोरच्या दोन तंतूंमधलं अंतर मोजा. केंद्र लागतच नाही आणि जुळणीतला सरकाही आपोआप वजा होतो. समजा ३६ वर्षांत ३५२ चे ३६७.५ आर्कसेकंद झाले. म्हणजे वर्षाला ०.४३. सरासरी ३६० भागिले ०.४३, वय साधारण ८३५ वर्षं. मोजण्यात एका आर्कसेकंदाची चूक झाली तरी उत्तर पन्नासेक वर्षांनी हलतं, म्हणून आठ-दहा जोड्या तरी घ्याच.

दोन फोटोंच्या मधल्या सालातून हे वय वजा केलं की स्फोटाचं साल ११४० च्या आसपासचं येतं, आणि तो स्फोट दिसल्याची चिनी नोंद तर १०५४ ची. मोजमाप चुकलं म्हणून आकडे फिरवू नका. पल्सारच्या वाऱ्याने तंतूंना मागून रेटा दिलाय. आजचा वेग सुरुवातीपेक्षा जास्त, म्हणून वय कमी भरतं. खगोलज्ञ टायकोने १५७२ मध्ये पाहिलेल्या स्फोटाच्या अवशेषात उलट होतं: भोवतालच्या वायूने वेग घटवलाय, त्यामुळे नुसता भागाकार वय फुगवून सांगतो. अवशेष सेडोव्ह टप्प्यात (वाटेत गोळा झालेला वायू फेकलेल्या मालापेक्षा खूप जास्त होतो तो टप्पा) पोचला असेल तर त्या भागाकाराला २/५ ने गुणावं लागतं.

ही दुरुस्ती डीएस९ करत नाही, त्रुटीचा हिशेबही नाही; त्यासाठी स्प्रेडशीट लागेलच. मेनू मराठीत नाहीत. शाळेत वापरायचं असेल तर दोन्ही फोटो आधीच फिट्स (खगोलीय फोटोंचा फाइल-प्रकार) फाइल म्हणून साठवून ठेवा, ऐनवेळी नेट गेलं तरी तास वाया जाणार नाही.