मैनेची मालिश: पाचपैकी चार तारे

घोडीला मसाज करायला पुण्याहून बाई येणार म्हटल्यावर आमच्या तबेल्यात आधी हशा पिकला. आमचे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे अण्णा म्हणाले, “मग आम्ही चाळीस वर्षं काय करतोय?” त्यांचंही खोटं नाही. सकाळी खरारा आणि वरातीहून आलं की गवताची जुडी करून पुठ्ठे चोळायचे, हे आमच्याकडे वडिलांपासून चालू आहे. साताऱ्यात वरातीची घोडी पुरवणं हा आमचा धंदा.

पण मैना, आमची अकरा वर्षांची नुकरी, म्हणजे पांढरी घोडी, मे महिन्यापासून बिघडली होती. खोगीर दिसलं की कान मागे. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा आवळताना अण्णांच्या दंडाला दोनदा चावली. डावीकडे वळवायला गेलं की मान ताठ. समोर बँजो आणि फटाके, पाठीवर जन्मात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला माणूस. अशात घोडी चिडकी झाली की धंदा बसलाच. मालिशवाल्या ताईंना बोलवायच्या आधी एकाच्या नादी लागून चुंबकं शिवलेली झूल घेतली होती, नऊ हजारांची. तिच्यावर आता मांजर झोपतं.

ताईंनी फोनवर पहिला प्रश्न केला, डॉक्टरांनी बघितलंय का? ताप, ताजी जखम, सूज, पोटदुखी किंवा कातडीचा आजार असेल तर त्या हात लावत नाहीत. घोडी लंगडत नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच तारीख मिळाली.

आठची वेळ सांगून आल्या साडेनऊला. खंबाटकी घाटातल्या कोंडीचं कारण सांगितलं, आणि त्यावर साताऱ्याच्या माणसानं काय बोलायचं? मैनेला आधी डांबरावर चालवली, मग मातीत, मग दोन्ही बाजूंना गोल फिरवली. मी मोहरीच्या तेलाची बाटली पुढे केली तर म्हणाल्या, “नको दादा, केसांत तेल राहिलं की धूळ चिकटते आणि त्याच्यावर खोगीर घासतं.”

मालिश म्हणजे जोर, असं मला वाटायचं. यांचा हात इतका हलका की पैसे फुकट गेले असं पहिली दहा मिनिटं मनात येत होतं. माशी बसली तरी घोड्याची कातडी थरथरते, त्याला जोर कशाला, हा त्यांचा हिशेब. नेमकी जागा सापडली की हात तिथंच ठेवून थांबायच्या. मैनेच्या पापण्या जड झाल्या, खालचा ओठ लोंबायला लागला, मग तोंडात काही नसताना चघळणं सुरू झालं. शेवटी अशी जांभई दिली की दाढा मोजून घ्याव्यात. एक नाही, चार जांभया. अण्णा तोवर बादली उपडी घालून जवळ येऊन बसले होते.

सगळ्यात जास्त वेळ खांद्यांपाशी गेला. आपल्या गळ्याखाली असतं ते आडवं हाड घोड्याला नसतं. छातीचा पिंजरा दोन खांद्यांमध्ये नुसत्या स्नायूंवर टांगलेला, आणि अंगाचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर. घोड्यांत जन्म गेला आणि हे मला पन्नाशीत कळलं! आयाळ संपते त्या उंचवट्याच्या मागे, डाव्या अंगाला त्यांनी माझी बोटं ठेवली. लिंबाएवढी कडक गाठ. जरा दाबली तर मैनेनं पाठच खाली टाकली.

“ही मी आज सैल करीन, पण पंधरा दिवसांत परत येईल. खोगीर दाखवा.”

वडिलांनी हौसेनं करून घेतलेलं जरीचं, आरशांचं खोगीर. उलटं केलं तर डावीकडची गादी पार बसलेली, आतली फळी हाताला लागत होती. वर बोलणी खाल्ली ती वजनाबद्दल. खोगिरासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये म्हणतात. मैना 350 किलोची, म्हणजे 70. आमचं नटवं खोगीरच 15 भरतं. उरले 55. हल्ली 55 किलोचा नवरदेव कुठं सापडतो? गादी नवी भरून घेतली, आरसे काढून टाकले, आणि जड नवरदेवाला आता मंडपाजवळच्या शेवटच्या वळणावर चढवतो, फोटोपुरता.

तिसऱ्या दिवशी मैना डावीकडे सरळ वळली, आठवड्यानं तंग आवळू दिला. हे मालिशीनं झालं की गादीनं, शपथेवर सांगता येणार नाही. दोन्ही पाठोपाठच झालं. पण नुसती मालिश करून पैसे घेऊन गेल्या असत्या तर खोगीर मी कधीच उलटं केलं नसतं.

सव्वा तासाचे 2,500, येण्याजाण्याचे 1,200 वेगळे. एका घोड्यासाठी महागच. दोन-तीन मालकांनी मिळून बोलवा. एक तारा कापला तो उशिरासाठी, आणि कागदावर काहीच लिहून देत नाहीत त्यासाठी. घरी करायचा व्यायाम तोंडीच सांगितला: गाजर बरगडीजवळ धरायचं, म्हणजे घोडी स्वतःहून मान वळवते, दोन्ही बाजूंना पाच-पाचदा. अण्णांच्या जुडीला मात्र त्यांनी नावं ठेवली नाहीत, फक्त कण्यावर आणि हाडांवर चोळू नका म्हणाल्या.

पुढची तारीख तुळशीच्या लग्नाआधीची घेतली आहे. गाजरांचा खर्च वेगळा मांडा, असं अण्णांनी बजावलंय.