एक्सेल सोडून आर-बायोकंडक्टर: नऊ महिने वापरल्यावर

मी मूळची पिपेटवाली. पेशी वाढवा, आरएनए काढा, जेल चालवा, यात दहाएक वर्षं गेली. आकडे हाती आले की एक्सेल उघडायचं, सरासरी काढायची, टी-टेस्ट लावायची आणि बारच्या डोक्यावर तारे चिकटवायचे. एवढ्यावर छान भागत होतं. मग आरएनए सिक्वेन्सिंगचा, म्हणजे कोणतं जनुक किती चालू आहे हे सांगणारा, डेटा आला. बारा सॅम्पल, प्रत्येकी दोन-अडीच कोटी रीड्स (वाचलेले आरएनएचे छोटे तुकडे), आणि ते ज्यात येतात त्या फास्टक्यू फाइलीत एका रीडच्या चार ओळी. एक्सेलच्या एका शीटमध्ये ओळी मावतात साडेदहा लाखांच्या आतच. तिथे उघडून बघण्याचाही प्रश्न नव्हता.

पहिल्या खेपेला विश्लेषण बाहेरून करून घेतलं. चकचकीत पीडीएफ आली, रंगीत हीटमॅप आले, पण ‘हे एक सॅम्पल वगळलं तर चित्र बदलतं का?’ एवढं विचारलं की उत्तराला दोन आठवडे. डेटा आपला आणि ताटकळत बसायचंही आपणच, याचा वैताग आला आणि आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा आणि बायोकंडक्टर हा तिच्यासाठीचा जीवशास्त्राच्या पॅकेजांचा (तयार कोडच्या संचांचा) साठा, हे दोन्ही शिकायला घेतलं.

सध्या वापरते ते असं: रीड्स मोजायला सॅल्मन, त्यापुढचं सगळं आरमध्ये, तेही आरस्टुडिओतून, जनुकांची तुलना करायला बायोकंडक्टरमधलं डीईसीक२, पॅकेजांच्या आवृत्त्या सांभाळायला कोंडा आणि आरएन्व्ह, कोड जपायला गिट. सगळं मोफत आहे. वेळ मात्र भरपूर खातं.

पहिला महिना इन्स्टॉल करण्यातच गेला म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. बायोकंडक्टरची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते आणि प्रत्येक आवृत्ती आरच्या ठरावीक आवृत्तीशी बांधलेली असते. हे माहीत नसताना मी काम अर्ध्यावर असताना हौसेने आर अपडेट केलं. दुसऱ्या दिवशी निम्मी पॅकेजं लोड होईनात. लाल अक्षरांत पानभर एरर. त्या दिवशी रडकुंडीला आले होते, आज मात्र त्या एररबद्दल माझी काही तक्रार नाही. ती ओरडून सांगत होती की काहीतरी मोडलंय. नऊ महिन्यांत मला खरा फटका दिला तो न ओरडणाऱ्या चुकांनी.

त्यातली पहिली सविस्तर सांगते, कारण ती नवशिक्या प्रत्येकाकडून होऊ शकते.

पेशींना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध द्यायचं आणि न दिलेल्या पेशींशी तुलना करायची, असा साधा प्रयोग होता. सॅम्पलच्या तक्त्यात मी एका कॉलममध्ये ‘ट्रीटेड’ आणि ‘अनट्रीटेड’ असं इंग्रजीत लिहिलं. डीईसीक२ चालवलं, एरर नाही, शेकडो जनुकं बदललेली दिसली. आनंदाने व्होल्कॅनो प्लॉट काढला, म्हणजे वाढलेली जनुकं उजवीकडे आणि घटलेली डावीकडे दाखवणारा आलेख. मग नजर एफकेबीपी५ वर गेली. डेक्सामेथासोन दिलं की हे जनुक वाढतं, हे आमच्याकडे नवख्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. माझ्या प्लॉटवर ते डावीकडे, खाली गेलेल्यांच्या गर्दीत सगळ्यात टोकाला. शेजारी टीएससी२२डी३, तेही उलटंच. सांगायला लाज वाटते, पण मी दोन दिवस त्यावर थिअरी रचत बसले. पेशी औषधाला दाद देईनाशा झाल्या असतील, रिसेप्टर बिघडला असेल, काय काय. एका सीनियर मैत्रिणीला दाखवलं तर तिने प्लॉटकडे बघितलंही नाही.

“रेफरन्स कुठला धरलायस गं?”

“म्हणजे?”

“म्हणजे आरने धरलाय तोच.”

आर गटांची नावं वर्णानुक्रमाने लावतं आणि पहिलं नाव तुलनेचा पाया धरतं. इंग्रजीत ‘टी’ आधी, ‘यू’ नंतर. त्यामुळे औषध दिलेल्या पेशी पाया झाल्या आणि न दिलेल्या पेशींमध्ये काय ‘बदललं’ ते मला दिसत होतं. सगळी चिन्हं उलटी. आर हे ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या संख्याशास्त्रज्ञांनी घडवलेलं. संख्याशास्त्राच्या माणसाला ही वर्णानुक्रमाची रीत अंगवळणी पडलेली असते. आमच्यासारख्यांना ती कोणी सांगत नाही. बरं, सॉफ्टवेअरला दोष द्यावा तर तेही जमत नाही, कारण निकालाच्या तक्त्यावर पहिल्याच ओळीत स्पष्ट छापलेलं होतं: ‘अनट्रीटेड व्हर्सेस ट्रीटेड’. मी ती ओळ वाचलीच नव्हती. आता पाया स्वतः ठरवून देते आणि पुढचं काहीही बघण्याआधी उत्तर माहीत असलेली दोन-तीन जनुकं तपासते. तशी जनुकं माहीत नसतील अशा प्रयोगात काय झालं असतं, हा विचार अजून अस्वस्थ करतो.

ही माझ्या एकटीची गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण कर्करोगाच्या कोणत्या औषधाला कोणता रुग्ण दाद देईल हे जनुकांवरून ओळखता येतं, असा दावा करणाऱ्या काही शोधनिबंधांचा कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांनी माग काढला, तो लेख २००९ चा. त्यांना सापडलं काय, तर जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली आणि ‘दाद देणारे’, ‘न देणारे’ ही लेबलं उलटी लागलेली. त्या निष्कर्षांच्या आधारावर रुग्णांवरच्या चाचण्या सुरूही झाल्या होत्या. तो लेख वाचताना माझा एफकेबीपी५ डोळ्यासमोर होता.

एक्सेलबद्दल. आधी माहीत होतं, पण स्वतःच्या फाइलीत बघेपर्यंत पटलं नव्हतं. चार वर्षांपूर्वीची माझीच एक जनुकांची यादी आरमध्ये वाचली, तर त्यात ‘२-सप्टें’ नावाचं जनुक. ते मूळचं सेप्ट२. आणि ‘१-मार्च’ दोनदा. एक मार्च१, म्हणजे शेवटी ‘एच’ असलेलं, आणि दुसरं एमएआरसी१. एक्सेलने दोघांनाही एकाच तारखेला नेऊन बसवलं. कोणतं कुठलं हे आता मलाच सांगता येत नाही, कारण मूळ फाइल मी त्यावरच सेव्ह केली होती. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात असे घोटाळे आहेत, हे २०१६ मध्ये ‘जिनोम बायोलॉजी’त छापून आलं. शेवटी नामकरण समितीनेच हात टेकले आणि २०२० मध्ये या जनुकांची नावं बदलल्याचं जाहीर झालं: सेप्टिन२, मार्चएफ१ वगैरे. पुढे मायक्रोसॉफ्टनेही हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय दिली. पण जुन्या फाइली जुन्याच राहतात. मी आता नावांवर विसंबत नाही, एन्सेम्बल या जनुकांच्या डेटाबेसमधले क्रमांक सोबत ठेवते.

वेग आणि यंत्र. माझा लॅपटॉप १६ जीबी रॅमचा. मानवी जिनोमवर स्टार, म्हणजे रीड्स जिनोमवर बसवणारं सॉफ्टवेअर, चालवायचं तर तीसेक जीबी लागते, तेव्हा तो नाद सोडला. सॅल्मन प्रत्येक रीड जिनोमवर नेमका कुठे बसतो हे अक्षर-अक्षर जुळवत बसत नाही. तो कोणत्या ट्रान्सक्रिप्टशी (जनुकावरून बनलेल्या आरएनएशी) जुळतो एवढं बघतं, त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही काम निभतं. जनुकांची मोजणी हवी असेल तर पुरेसं आहे. नवे स्प्लाइस जोड (आरएनएचे तुकडे जिथे जोडले जातात त्या जागा) शोधायचे असतील किंवा रीड्स डोळ्यांनी बघायचे असतील तर त्याच्या भरवशावर राहू नका, तिथे सर्व्हर मागावाच लागतो.

पी-व्हॅल्यूने, म्हणजे खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेने, केलेला अपेक्षाभंग वेगळा. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या घरात. प्रत्येकाची चाचणी लावून ०.०५ ची रेघ मारली तर काहीही घडलेलं नसताना निव्वळ योगायोगाने हजारभर जनुकं ‘महत्त्वाची’ ठरतील. म्हणून एवढ्या चाचण्यांचा हिशेब धरून दुरुस्त केलेली पी-व्हॅल्यू बघायची. ज्या जनुकावर मी तीन वर्षं घासली, त्याची साधी पी-व्हॅल्यू ०.०३ होती. दुरुस्तीनंतर ०.४. त्या संध्याकाळी मी लॅपटॉप मिटून सेंट्रिफ्यूज पुसत बसले. आणखी एक, काही जनुकांपुढे दुरुस्त पी-व्हॅल्यूच्या जागी ‘एनए’ दिसतं. ते बिघाडाचं लक्षण नाही. ज्यांचे काउंट्स (मोजलेले रीड्स) फारच कमी आहेत त्यांना डीईसीक२ मुद्दाम बाजूला काढतं. मी याच्यामागे एक दिवस घालवला, तुम्ही घालवू नका.

एआय मदतनीसही भरपूर वापरले. एररचा अर्थ सांगायला, आलेखाच्या अक्षावरची नावं तिरकी करायला उत्तम. पण एक प्रसंग सांगते. मी डीईसीक२ ला चुकून टीपीएम आकडे दिले होते, म्हणजे आधीच प्रमाणात बसवलेले. आकडे पूर्णांक नाहीत म्हणून त्याने काम थांबवलं. मी एरर मदतनीसाला चिकटवली. त्याने आत्मविश्वासाने सांगितलं: आकडे राउंड करा. केले. एरर गेली, निकाल आले, सगळं झकास. आणि सगळं चूक! डीईसीक२ ला कच्चे काउंट्स हवे असतात, कारण दहा रीड्सवर किती भरवसा ठेवायचा आणि दहा हजारांवर किती, हे ते त्या आकड्यांवरूनच ठरवतं. बरोबर वाट म्हणजे सॅल्मनचे आकडे टीएक्सइम्पोर्ट या पॅकेजमधून आणणं, आणि ती डीईसीक२ सोबत येणाऱ्या माहितीपत्रात सुरुवातीलाच दिलेली आहे. ते माहितीपत्र, ज्याला व्हिनेट म्हणतात, फार मन लावून लिहिलेलं आहे. मी ते सहाव्या महिन्यात पूर्ण वाचलं. आणि हो, रुग्णांचा डेटा या मदतनीसांमध्ये चिकटवायचा नाही. नाव पुसलं तरी जनुकीय माहिती माणसाला ओळखून काढू शकते.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप वसूल झाला ते. दुसऱ्या प्रकल्पात रुग्णांच्या ऊतींचे चोवीस नमुने होते. पीसीए प्लॉट, म्हणजे सारखे नमुने जवळ आणि वेगळे लांब दाखवणारा आलेख, स्वच्छ, दोन्ही गट वेगवेगळे, कोणालाही शंका येऊ नये असा. सवय म्हणून एक्सआयएसटीचा आलेख काढला. हे जनुक दोनपैकी एक एक्स गुणसूत्र गप्प करण्याचं काम करतं, म्हणून स्त्रियांच्या पेशींत भरपूर दिसतं आणि पुरुषांच्या जवळजवळ नाही. चोवीसपैकी बावीस ठिपके जिथल्या तिथे. एका ‘पुरुष’ नमुन्यात एक्सआयएसटी उंच, आणि एका ‘स्त्री’ नमुन्यात वाय गुणसूत्रावरची आरपीएस४वाय१ आणि डीडीएक्स३वाय उंच. गाठीच्या पेशी कधीकधी एक्स किंवा वाय गमावतात हे माहीत होतं, पण इथे एकात जे नाहीसं झालं तेच दुसऱ्यात उगवलं होतं. रॅकचा नकाशा काढला तर त्या दोन नळ्या शेजारी-शेजारी. कोणीतरी, बहुधा मीच, हात चुकवला होता. दोघेही रुग्ण एकाच गटातले, म्हणून पीसीएला वास लागला नाही. दोन पुरुषांच्या नळ्या बदलल्या असत्या तर या आलेखालाही लागला नसता. पाच मिनिटांचं काम, आणि बाहेरून आलेल्या पीडीएफमध्ये ते कधीच नव्हतं.

जे कुठल्याच पॅकेजला जमत नाही तेही लिहून ठेवते. माझ्या एका जुन्या प्रयोगात औषध न दिलेले सगळे नमुने सोमवारी काढलेले, दिलेले सगळे गुरुवारी, वेगळ्या किटने. फरक औषधाचा की दिवसाचा, हे आकड्यांतून वेगळं काढताच येत नाही. बॅचचा, म्हणजे दिवस-किटचा, फरक काढून टाकणारी पॅकेजं आहेत, पण बॅच आणि उपचार एकच असतील तर बॅचबरोबर उपचारही पुसला जातो. आठ नमुने फ्रीझरमधून काढले आणि टाकून दिले.

कोणी घ्यावं? वर्षातून एखादाच असा डेटा हाती येत असेल तर आधी गॅलक्सी बघा. ब्राउझरमध्ये चालतं, कोड लिहावा लागत नाही, केलेल्या पायऱ्यांची नोंद राहते. दर दोन-तीन महिन्यांनी डेटा येणार असेल तर आरवर सहा महिने घालवणं परवडतं. त्याच्या आत हात बसेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सिंगल-सेलबद्दल (एकेका पेशीच्या सिक्वेन्सिंगबद्दल) मी बोलत नाही, अजून तिथवर पोचलेच नाही.

मागच्या आठवड्यात एका समीक्षकाने विचारलं, दोन संशयास्पद नमुने वगळून निकाल टिकतात का. वीस मिनिटांत उत्तर तयार होतं: बहुतेक टिकतात, तीन जनुकं गळतात. त्या तिघांतलं एक आमच्या लेखाच्या शीर्षकात होतं. आता शीर्षक बदलतोय.

एक्सेल अजून आहेच. प्रयोग सुरू करण्याआधी सॅम्पलचा तक्ता भरते, कोणता नमुना कोणत्या दिवशी, कोणत्या किटने, कोणी काढला. तो तिथेच भरते, सगळे रकाने आधी ‘टेक्स्ट’ करून.