कॅम्पर व्हॅनच्या टाकीतले पाणी: क्लोरीन, यूव्ही, चांदी की वेगळा जार?

पावसाळाभर उभ्या असलेल्या आमच्या कॅम्पर व्हॅनच्या टाकीचे झाकण दिवाळीच्या आधी उघडले आणि आतल्या भिंतीवरून बोट फिरवले, तेव्हा भिंत बुळबुळीत लागली. वरून पाहता पाणी नितळ होते आणि वासही जाणवण्याइतका नव्हता. पण बोटावर आलेला तो पातळ, चिकट थर म्हणजे जिवाणूंनी स्वतःच्या रक्षणासाठी तयार केलेले आवरण होते, आणि तोच थर टाकीपासून पंपापर्यंत व पंपापासून नळापर्यंतच्या नळीतही असणार हे उघड होते. सिंकखाली यूव्हीचे (अतिनील किरणांनी पाणी निर्जंतुक करणारे) यंत्र बसवलेले असल्यामुळे आपण निर्धास्त आहोत, अशी तोपर्यंत माझी समजूत होती. ती समजूत कुठे चुकली हे शोधताना जे हाती आले, ते नव्याने गाडी घेणाऱ्यांना किंवा बांधून घेणाऱ्यांना निर्णयासाठी उपयोगी पडेल असे वाटते. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडीच्या आतल्या सोयींची चर्चा मात्र बहुतेक वेळा पलंग, एसी आणि सोलर यांच्यापाशीच संपते.

पाणी निर्जंतुक करणे आणि निर्जंतुक झालेले पाणी तसेच राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही खूणगाठ आधी बांधली पाहिजे. घरी सकाळी भरलेला हंडा संध्याकाळपर्यंत रिकामा होतो, म्हणून तिथे पहिली गोष्ट पुरते. गाडीच्या टाकीत पाणी चार-चार दिवस राहते, उन्हात तापते, रस्त्यावर हिंदकळते आणि दर मुक्कामी त्यात वेगळ्या गावाचे पाणी मिसळते. तिथे दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते. बाजारात मिळणारी साधने तपासताना प्रत्येकाला हाच प्रश्न विचारावा: हे साधन टाकीतल्या पाण्याचे रक्षण करते, की फक्त नळातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे?

क्लोरीन

टाकीत राहून काम करणारा, स्वस्त आणि मोजता येणारा पर्याय हा एकच आहे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर इतका मुक्त क्लोरीन शिल्लक असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा तो किमान ०.५ असावा. ‘शिल्लक’ हा शब्द इथे मोलाचा आहे. टाकलेल्या क्लोरीनपैकी काही भाग पाण्यातल्या घाणीशी झुंजण्यात खर्च होतो. उरतो तो पुढे येणाऱ्या जिवाणूंसाठी पहारा देतो.

हिशेब अवघड नाही. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट पाच टक्क्यांचे असेल, तर शंभर लिटर नितळ पाण्याला ४ मिलिलिटर पुरते. त्यातून लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो, आणि अर्धा तास थांबल्यावर पाणी वापरता येते. सुवासिक किंवा साबण मिसळलेले ब्लीच मात्र चालत नाही. घरगुती वापराचे क्लोरीनचे थेंब किंवा वीस लिटरसाठीच्या गोळ्या घेतल्या, तर त्यांच्या वेष्टनावरचे प्रमाण पाळावे. ग्रामपंचायतीत वापरतात ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ताजी असताना तिच्यात २५ ते ३३ टक्के क्लोरीन असतो, परंतु दमट हवेत उघडी राहिली की तिचा जोर झपाट्याने उतरतो. शिवाय तिच्यात चुना असतो. ती थेट टाकीत टाकल्यास साका खाली बसून पंपाची जाळी तुंबते. म्हणून बादलीत कालवून अर्धा तास ठेवावी आणि केवळ वरची निवळी वापरावी.

क्लोरीनच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. गढूळ पाण्यात तो वाया जातो, उन्हात तापलेल्या टाकीतून लवकर उडून जातो, आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या कवचधारी परजीवींवर नेहमीच्या मात्रेत त्याचा प्रभाव पडत नाही. कोकणात पहिल्या पावसानंतर विहिरीचे पाणी तांबूस होते; असे पाणी टाकीत घेण्यापूर्वी पिंपात तुरटी फिरवून, निवळू देऊन, वरचे पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. तुरटीने पाणी निवळते, निर्जंतुक होत नाही; क्लोरीन त्यानंतर टाकायचाच असतो.

चवीची तक्रार अनेक जण करतात आणि ती रास्त आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे स्वयंपाकाच्या नळापाशी बसवलेला कार्बन फिल्टर. पंपानंतर, अगदी शेवटच्या टप्प्यावर तो बसवला तर टाकी आणि नळी यांना क्लोरीनचे संरक्षण मिळते आणि चहाला वास येत नाही. हाच फिल्टर टाकी भरण्याच्या नळीवर लावण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो, आणि इथे मात्र मी स्पष्ट असहमत आहे: नगरपालिकेने जो क्लोरीन आपल्याला फुकट दिला, तो टाकीत शिरण्याआधीच आपण काढून टाकतो. कार्बनचे काडतूस आठवडेच्या आठवडे ओले राहिले तर त्यातच जिवाणू वाढतात, म्हणून गाडी उभी करताना ते काढून ठेवावे.

यूव्ही, यूएफ आणि आरओ

यूव्ही दिव्याखालून जाताना पाण्यातले जिवाणू आणि विषाणू निकामी होतात, आणि क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियमही यूव्हीपुढे टिकत नाही. घरगुती यंत्रातला दिवा साधारण ११ वॅटचा असतो, त्यामुळे गाडीच्या बॅटरीवर त्याचा मोठा भार पडत नाही. परंतु पाणी नितळ असणे ही पहिली अट आहे, आणि दिव्यापलीकडे गेलेल्या पाण्याला कोणतेही संरक्षण उरत नाही ही दुसरी गोष्ट. माझ्या बुळबुळीत टाकीचे उत्तर इथेच होते: सिंकखालचे यंत्र आपले काम करत होते, पण दात घासायचे बेसिन आणि शॉवर त्याच्या आधीच्या नळीवर होते.

यूएफ म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशन, अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा. त्याला वीज लागत नाही आणि तो जिवाणू व परजीवी अडवतो. विषाणूंची हमी मात्र त्याच्याकडून धरू नये. क्लोरीन टाकलेल्या टाकीच्या पुढे यूएफ ही जोडी म्हणूनच चांगली जमते, कारण एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

आरओबद्दल थोडक्यात सांगायचे तर मोजक्या पाण्यावर चालणाऱ्या गाडीत तो परवडत नाही. शंभर लिटरच्या टाकीतून शुद्ध पाण्याच्या बरोबरीने किंवा त्याहून अधिक पाणी सांडपाण्यात जाऊ देणे हा प्रवासात तोटाच आहे. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा कमी असेल तिथे आरओ वापरू नये, अशी भूमिका राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये घेतली होती. किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यावर आठवडेच्या आठवडे राहणाऱ्यांनीच त्याचा विचार करावा.

चांदी

परदेशी कॅम्पिंगच्या दुकानांत चांदीयुक्त गोळ्या आणि टाकीत सोडायच्या जाळ्या मिळतात. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या आणि चांदीच्या भांड्यांवर जुना विश्वास असल्यामुळे हा पर्याय मनाला पटकन पटतो. चांदीमुळे जिवाणूंची वाढ मंदावते हे खरे आहे, पण तिचे काम सावकाश चालते, विषाणूंवर ती भरवशाची नाही आणि टाकीत ती पुरेशी आहे की नाही हे गाडीत बसून तपासता येत नाही. आधीच निर्जंतुक केलेले पाणी काही दिवस टिकवण्यासाठी ती पूरक म्हणून चालेल. अनोळखी विहिरीच्या पाण्यावर तिच्या भरवशावर राहणे मला धोक्याचे वाटते.

वेगळा जार

शनिवार-रविवार जोडून भंडारदरा किंवा गुहागरला जाणाऱ्यांसाठी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी घरून वीस लिटरच्या दोन जारमध्ये नेणे आणि टाकी केवळ धुण्या-नाहण्यासाठी ठेवणे. चार माणसांना दोन दिवस ते सहज पुरते. अडचण सवयीची असते: रात्री झोपेत उठलेले मूल जवळचा नळ सोडून पाणी पिते. त्यामुळे जार असला तरी टाकीत क्लोरीन हवाच, आणि विकतच्या जारकडेही डोळे झाकून पाहू नये. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, आणि तेव्हा विहिरी, टँकर व खासगी आरओ प्रकल्प या सर्वांच्याच पाण्याची तपासणी करण्याची वेळ आली.

कोणी काय निवडावे

महिन्यातून एखादी छोटी सहल असेल, तर जार आणि टाकीत क्लोरीन एवढेच पुरे; यंत्रावर खर्च करू नये. सलग दोन-तीन आठवडे फिरणाऱ्यांनी टाकीत क्लोरीन, नळापाशी यूएफ आणि त्यापुढे कार्बन अशी रचना करावी. सोबत तान्हे मूल, गर्भवती किंवा केमोथेरपी घेणारी व्यक्ती असेल, तर त्यांच्यापुरते पाणी उकळूनच द्यावे: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि लडाखसारख्या उंचीवर तीन मिनिटे. भाड्याने गाडी देणाऱ्यांना मात्र माझ्या मते निवडीची मोकळीक नाही. पाहुणे बदलले की टाकी रिकामी करणे आणि क्लोरीन तपासणे हे चादर बदलण्याइतकेच बंधनकारक मानले पाहिजे.

तपासणीचे साधन गावोगावी ओळखीचे आहे. गावातले जलसुरक्षक ‘ओटी टेस्ट’ म्हणजे ऑर्थोटोलिडीनची चाचणी करतात, तेव्हा क्लोरीन असेल तर काचेच्या नळीतले पाणी पिवळे होते. डीपीडी या दुसऱ्या रसायनाच्या गोळीच्या संचात ते गुलाबी होते, आणि ऑर्थोटोलिडीन आरोग्यास अपायकारक असल्यामुळे गाडीत डीपीडीचा संच ठेवावा. नमुना टाकीतून न घेता सर्वांत लांबच्या नळातून घ्यावा. आमच्या गाडीत मे महिन्यात, उन्हात उभ्या राहिलेल्या दुसऱ्याच संध्याकाळी काचेच्या नळीतला गुलाबी रंग जेमतेम दिसत होता. डिसेंबरात तोच रंग चौथ्या दिवशीही ठळक होता.

गाडी बराच काळ उभी राहिली असेल, तर यापैकी कोणताही पर्याय निवडण्याआधी टाकी तीव्र द्रावणाने धुवावी लागते. कार्बन आणि यूएफची काडतुसे काढून, शंभर लिटर पाण्यात पाच टक्क्यांचे हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर मिसळावे, म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅम होते. मग प्रत्येक नळ, गरम पाण्याचा नळ आणि शॉवरसुद्धा, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडावा. गाडी दोन-चार किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे टाकीचा वरचा भागही भिजतो. बारा तासांनी सर्व पाणी सोडून वास जाईपर्यंत साध्या पाण्याने विसळावे. स्टीलच्या टाकीत मात्र हे द्रावण रात्रभर ठेवू नये, कारण तीव्र क्लोरीनने स्टीलला खड्डे पडतात. व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर त्याच वेळी वापरणे कटाक्षाने टाळावे, कारण आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो.

शॉवर प्रथम सोडताना खिडकी उघडी ठेवून बाजूला उभे राहावे: कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि तो पिण्यातून नव्हे, तर तुषार श्वासात गेल्याने फुप्फुसांत पोहोचतो. टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी बांधावी आणि गाडी उभी असताना टाकी कोरडीच ठेवावी. डासाच्या अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, आणि आरोग्य खाते घराघरांत आठवड्याचा जो कोरडा दिवस पाळायला सांगते, तो अंगणात उभ्या असलेल्या गाडीलाही लागू आहे.