कॅस्पर सीजी: वर्षभराहून जास्त वापरल्यानंतर

आमचं जिल्ह्याचं केबल न्यूज चॅनल, माणसं मोजकी. आधीची विकतची सीजी सिस्टीम (पडद्यावर नावं, पट्ट्या, आकडे टाकणारी) डोंगलवर, म्हणजे यूएसबीला लावायच्या लायसन्सच्या चावीवर चालायची. ऐन बुलेटिनच्या तोंडावर डोंगल गेला आणि कंपनी म्हणते आधी एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे भरा, तीही मागच्या तारखेपासून, मग इंजिनिअर पाठवतो. तेवढ्या पैशात नवं मशीन येतं! त्याच आठवड्यात कॅस्पर सीजी हे तेच काम करणारं सॉफ्टवेअर टाकलं. स्वीडनच्या एसव्हीटी या सार्वजनिक वाहिनीने बनवलेलं, 2006 पासून तिथे ऑन एअर, ओपन सोर्स, लायसन्सला एक रुपया नाही. खर्च काय तो बऱ्या ग्राफिक्स कार्डाचा पीसी आणि की-फिल (पट्टीचं चित्र आणि ते कुठे दिसावं याचा साचा, असे दोन सिग्नल) देणारं डेकलिंक कार्ड.

सुरुवातीला माझं मत वाईटच होतं. प्ले दाबलं की नावाची पट्टी उशिरा यायची, कधी आधी भलताच फॉन्ट दिसून मग बदलायचा, आणि हे सगळं ऑन एअर. पट्टीचं एचटीएमएल टेम्प्लेट, म्हणजे वेब पानासारखा साचा, आत ब्राउझरमध्येच चालतो, पान उघडायला वेळ घेणारच. आपल्याकडे सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची, पान अर्धा सेकंद रेंगाळलं तरी बारा फ्रेम गेल्या. म्हणून थेट प्ले करायचंच नाही, आधी सीजी अ‍ॅड करून टेम्प्लेट लोड करून ठेवायचं, पीसीआरमधून (बुलेटिन चालवणाऱ्या कंट्रोल रूममधून) हाक आली की सीजी प्ले ही कमांड. हे जमल्यापासून माझं मत पार बदललं. अक्षरांना काळी कड दिसत असेल तर स्विचरवर (सगळे व्हिडिओ सिग्नल निवडणाऱ्या-जोडणाऱ्या यंत्रावर) प्री-मल्टिप्लाइड की ऑन करा, एवढंच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मराठी! जुन्या सिस्टीमवर "शेतकऱ्यांना" टाइप केलं की पडद्यावर "शेतकर्यांना" यायचं, य वर रफार. आमच्या टिकरमध्ये, म्हणजे खाली सरकणाऱ्या बातम्यांत, शेतकरी नाही असा दिवस नसतो, म्हणजे रोज चुकीचं मराठी गावभर दाखवायचं. ल आणि श पण हिंदी वळणाचे. राज्य सरकारच्या 2009 च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श स्पष्ट दिलाय, पण कंपनीला कितीही वेळा सांगितलं तरी उत्तर एकच, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. इथे टेम्प्लेटच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा एमआर (मराठीचा कोड) लिहिली, नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट लावला आणि पाकळीचा ल, देठाचा श आपोआप आला, ऱ्या पण जसा टाइप केला तसाच. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो कुठल्याही थ्रीडी सेटने झाला नसता. लोक म्हणतात प्रेक्षकाला काय कळतंय, पण शाळेतली पोरंही आमचीच पट्टी वाचतात, त्यांच्या डोळ्यांना बरोबर अक्षराची सवय लागायला नको का?

ऑटोमेशनची, म्हणजे आकडे आपोआप पडद्यावर येण्याची, खरी परीक्षा 23 नोव्हेंबर 2024 ला, विधानसभेच्या मोजणीला. 288 जागा, बहुमताला 145 हा राज्याचा बोर्ड सगळेच दाखवतात, आमचा प्रेक्षक बघतो आपल्या तालुक्याची फेरी. मोजणी केंद्राबाहेरचा रिपोर्टर मोबाईलवरून ऑनलाइन शीटमध्ये आकडे भरणार, टेम्प्लेट दर काही सेकंदांनी ते उचलणार, आघाडी किती ते स्वतः काढणार, मध्ये कोणी टाइप करायचं नाही. आठला टपाली मतं, साडेआठपासून ईव्हीएम, आणि पट्टी आपली आपण बदलतेय हे बघत पीसीआरमध्ये सगळे उभे. फक्त एक गोष्ट आधीच करून ठेवा, रेंज गेली की जुना आकडा तसाच पडद्यावर राहतो आणि तो जुना आहे हे कोणालाच कळत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक पट्टीवर फेरी क्रमांक आणि शेवटच्या अपडेटची वेळ टाकली. अँकरही तीच वेळ वाचून सांगत होता.

ज्यांच्याकडे एचटीएमएल-जावास्क्रिप्ट येणारं एकही माणूस नाही त्यांनी घेऊ नका, रात्री दोनला फोन उचलणारं इथे कोणी नाही. आमच्याकडे एक मुलगा आहे, एएमसीचे वाचलेले पैसे आता त्याच्या पगारात जातात.