तयार प्रोजेक्ट किट: माल चांगला, पण मुलाने करायचं काय?

भाचीच्या शाळेने प्रोजेक्टसाठी हे घराचं किट मागवायला सांगितलं. माल उत्तम आहे, हे आधी सांगते. पुठ्ठा जाड, कडा स्वच्छ, डिंक ओघळत नाही. पण सगळे भाग आधीच कापलेले, प्रत्येकावर क्रमांक, वर कुठे कोणता रंग द्यायचा हेही छापलेलं. भाचीने छप्पर जांभळं रंगवलं आणि भिंतीला एक जास्तीची खिडकी काढली, 'मांजरासाठी' म्हणाली. बाईंनी 'नमुन्याप्रमाणे नाही' म्हणून गुण कापले. प्रदर्शनात लाल छपरांची रांगच्या रांग पाहून फार वाईट वाटलं.

सर्जनशीलता मोजणारी टॉरन्स चाचणी असते. तिच्यात मुलाला अर्धवट रेघा देतात आणि तो त्यांचं काय करतो ते पाहतात. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९९०पासून हे गुण घसरत गेल्याचं दिसलं, त्यातही लहान मुलांचे जास्त. या किटमध्ये अर्धवट असं काही ठेवलेलंच नाही!

कंपनीने खोक्यात एक कोरा पुठ्ठा आणि कात्री टाकली तर मी पुन्हा घेईन. सध्या पाचपैकी दोनच तारे.